वाचक विचारतात : दुखण्याच्या गोळ्या, सिगारेट आणि सुटण्याचा क्रम

उत्तरं एका मानसोपचारतज्ज्ञांनी आणि एका फार्मासिस्टनी मिळून लिहिली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं वगळली आहेत.

प्रश्न : वय ४१. शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो. दोन वर्षांपूर्वी जड जॉब उचलताना कमरेत चमक भरली. एमआरआयमध्ये गादी सरकलेली निघाली. ऑपरेशन नको म्हणाले, गोळ्या दिल्या. त्यात ट्रामाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ अशी एक गोळी होती. चिठ्ठी पंधरा दिवसांची होती, पण मी ओळखीच्या मेडिकलमधून घेतच राहिलो. आधी दोन पुरायच्या, आता सहा लागतात. दिवाळीत एकदम बंद केल्या. दुसऱ्या दिवशी जांभया, नाकातून पाणी, जुलाब, पाय सारखे हलवावेसे वाटायचे, डोळ्याला डोळा नाही. कंबर तर इतकी कधीच दुखली नव्हती. तिसऱ्या दिवशी परत सुरू केल्या. सिगारेटी रोज बारा-पंधरा. बायको म्हणते, नशेडी झालात. खरंच झालोय का? यातून सुटायचं कसं?

उत्तर : नशेडी हा शब्द आधी घराबाहेर ठेवा, उपचारात त्याचा काही उपयोग नाही. ट्रामाडॉल हे अफूच्या गटातलं औषध आहे. मॉर्फिनपेक्षा सौम्य, पण त्याच वाटेनं काम करणारं. ते काही आठवडे रोज घेतलं की कुणाच्याही मज्जातंतूंना सवय होते आणि तेवढ्याच आरामासाठी डोस वाढवावा लागतो. ही शरीराची सवय झाली. व्यसन आपण तेव्हा म्हणतो, जेव्हा दुखत नसतानाही गोळीची ओढ लागते, नुकसान दिसत असूनही हात थांबत नाही, खोटं बोलावं लागतं. तुमच्या पत्रावरून सवय नक्की दिसते. बाकीचं डॉक्टरांसमोर मोकळेपणानं बोलून ठरेल. दोन्हींवर इलाज आहे.

दिवाळीतल्या त्या तीन दिवसांत काय झालं, ते नीट समजून घ्या, कारण माणूस हरतो तो तिथेच. शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ ते २४ तासांत त्रास सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतो आणि आठवडा-दहा दिवसांत बराचसा ओसरतो. झोप आणि मन ताळ्यावर यायला आणखी काही आठवडे जातात. ट्रामाडॉल मेंदूतल्या सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिनवरही काम करतं. त्यामुळे जुलाब-जांभयांसोबत काहींना डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं, उगाच रडू येतं, धास्ती वाटते. आणि तिसऱ्या दिवशीची ती कंबरदुखी बरीचशी गादीची नव्हती. अफूच्या गटातलं औषध अचानक काढलं की दुखणं जाणवण्याची तीव्रताच काही दिवस वाढते. ‘गोळीशिवाय मी जगूच शकत नाही’ हा निष्कर्ष बहुतेक जण याच दिवशी काढतात, आणि तो चुकीचा असतो.

घरी बसून डोस कमी करायचा नाही अशी काही माणसं आहेत: दिवसाला ४०० मि.ग्रॅ.च्या वर ट्रामाडॉल घेणारे, कधीही फिट आलेले, रोज दारू पिणारे, झोपेसाठी अल्प्राझोलामसारखी गोळी घेणारे, गरोदर स्त्रिया आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येणारे. यांनी थेट रुग्णालय गाठावं. तुम्ही सहा गोळ्यांत २२५ मि.ग्रॅ. घेता. यातलं दुसरं काही नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली बाहेरच्या बाहेर जमण्यासारखं आहे. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सकाळी केसपेपर काढून जा किंवा खासगी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. पण डॉक्टर एक आणि मेडिकल एक. गोळ्यांचा खरा आकडा सांगा. चार सांगून सहा घेतल्या तर डॉक्टरांचा सगळा हिशोब चुकतो, आणि त्रास तुम्हाला होतो.

पुढचा कार्यक्रम आम्ही ज्या पद्धतीनं आखतो तसा देतो. डॉक्टरांना दाखवून त्यात फेरफार करून घ्या.

पहिले दोन आठवडे एकही गोळी कमी करायची नाही, फक्त घड्याळाला बांधायची. सकाळी ६ ला दोन, दुपारी २ ला दोन, रात्री १० ला दोन. दुखलं म्हणून जादा नाही आणि दुखलं नाही म्हणून गाळायची नाही. हे फुकटचे दोन आठवडे वाटतात, पण पाया हाच आहे. कळ आली की गोळी हा धागा मेंदूत पक्का बसलेला असतो, तो आधी तोडावा लागतो. मेडिकलमध्ये सात दिवसांचे कप्पे असलेली डबी मिळते. रविवारी आठवड्याच्या गोळ्या तिच्यात भरा आणि उरलेल्या पट्ट्या बायकोच्या ताब्यात द्या. त्यांना यात सामील करून घेतलंत, तर तो शब्दही मागे पडेल.

त्यानंतर दर दोन आठवड्यांनी अर्धी गोळी कमी. सुरुवात दुपारच्या डोसापासून, रात्रीचा सगळ्यात शेवटी, कारण झोप मोडली की सगळं मोडतं. सहावरून दोनवर यायला अशा आठ पायऱ्या, म्हणजे सोळा आठवडे. दोन गोळ्यांवर आलात की वेग निम्मा करा, प्रत्येक अर्ध्या गोळीला तीन ते चार आठवडे. सहावरून साडेपाचवर येताना तुम्ही बाराव्या भागानं कमी करता, एकवरून अर्धीवर येताना एकदम निम्मं. पहिली पायरी कळतही नाही आणि शेवटची जीव काढते, ती यामुळे. ‘आता काय, एकच तर राहिली’ म्हणून शेवटची गोळी घाईनं टाकणारे बरेच जण पुन्हा चारवर जातात. एकूण सात-आठ महिने धरून चला. घरात लग्न, ओव्हरटाइम, आजारपण आलं तर त्या पायरीवर थांबा, पण वर चढू नका.

गोळी कापता येते का, हे फार्मासिस्टला विचारा. मधे रेघ असलेली साधी गोळी, गोळी कापायच्या छोट्या कटरनं नीट दोन होते. पट्टीवर एसआर किंवा ईआर लिहिलं असेल तर ती कधीही तोडायची, चावायची, कुटायची नाही. बारा-चोवीस तासांत हळूहळू सुटणारं औषध एकदम सुटतं आणि श्वास मंदावू शकतो. कॅप्सूल उघडून पूड अर्धी करणंही धोक्याचं. अशा वेळी डॉक्टर तुम्हाला कापता येणाऱ्या साध्या गोळीवर आणतात.

पॅरासिटामॉलचा हिशोब वेगळा ठेवा. सहा गोळ्यांतून तुमच्या पोटात रोज १९५० मि.ग्रॅ. जातं. त्यावर तापाची, सर्दीची, डोकेदुखीची गोळी घेतली तर तिच्यातलंही यात मिळवायचं. दिवसाची बेरीज ३ ग्रॅमच्या आत असावी. दारू पिणाऱ्याला किंवा यकृताचा त्रास असलेल्याला आणखी कमी. एक चांगली बाजूही आहे: ट्रामाडॉल उतरत जाईल तसं या मर्यादेत साधं पॅरासिटामॉल वेगळं घेऊन कमरेला आधार देता येतो.

त्रास झालाच तर जुलाबांना ओआरएस आणि सांगितलेल्या मात्रेतच लोपेरामाइड, जास्त झालं तर ते हृदयाच्या ठोक्यांवर बेततं. घाम आणि अस्वस्थतेवर डॉक्टर क्लोनिडिन देतात. त्यानं बीपी उतरतं, म्हणून ते मोजत मोजतच द्यायचं असतं. पायांच्या वळवळीला झोपण्याआधी गरम पाण्यानं अंघोळ आणि पोटऱ्या ताणणं यानं बरंच निभावतं. शेजाऱ्याची झोपेची गोळी मात्र नको. अफूच्या गटातलं औषध, झोपेची गोळी आणि दारू यांतली कोणतीही दोन एकत्र आली की झोपेत श्वास थांबू शकतो.

नीट पायऱ्या उतरूनही दोनदा घसरलात, तर ब्युप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोन ही जिभेखाली ठेवायची गोळी आहे. ती मेडिकलमध्ये विकत मिळत नाही, परवानगी असलेल्या उपचार केंद्रातूनच देतात. त्रास सुरू झाल्यावरच तिचा पहिला डोस द्यायचा असतो. आधी दिली तर आत बसलेलं औषध एकदम हुसकावून लावते आणि उलट भयंकर त्रास होतो.

आता कंबर. मूळ दुखण्याचा बंदोबस्त न करता गोळी काढली तर ती परत येणारच. फिजिओथेरपिस्टकडून तुमच्या मणक्याला झेपणारे व्यायाम शिका आणि रोज चाला. रंकाळ्यावर संध्याकाळी वीस मिनिटांनी सुरुवात केली तरी पुरे. पडून राहण्यानं पाठीचे स्नायू आणखी ढिले पडतात. कारखान्यात मालकाशी बोला, जॉब चढवायला चेन पुली वापरू द्या म्हणा. नसेचं दुखणं असेल, पायात मुंग्या आणि जळजळ असेल, तर त्यासाठीची औषधं वेगळी असतात, पण त्यांतल्या काही ट्रामाडॉलसोबत जुळत नाहीत, म्हणून मनानं नकोत. लघवी-संडासवरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतला भाग बधिर झाला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच तासाला रुग्णालयात जा. तिथं गोळ्यांचा विषय बाजूला राहू दे.

सिगारेटचं काय? तीही या कमरेत गुंतलेली आहे. निकोटिननं घटकाभर दुखणं बोथट होतं, पण मणक्यांमधल्या गादीला जेमतेम मिळणारा रक्तपुरवठा धुरानं आणखी कमी होतो. सिगारेट ओढणाऱ्यांत कंबरदुखी जास्त आढळते. आणि दोन सिगारेटींच्या मधल्या तलफेत दुखणं जास्त जाणवतं, मग हात गोळीकडे जातो. दोन्ही सोडायच्या आहेत, पण नियम उलटे आहेत. गोळी पायरीपायरीनं, सिगारेट एक तारीख ठरवून एकदम. दोन्ही एकाच दिवशी नाही. तुम्ही साडेपाचवर, मग पाचवर आलात आणि झोप ठीक असली, की गोळी तिथंच रोखून धरा. तीन-चार आठवडे ती हलवू नका, आणि या मुदतीत सिगारेट सोडा. ती स्थिरावली की गोळीची पुढची पायरी. कशी सोडायची, ते पुढच्या उत्तरात आहे.

चिठ्ठीशिवाय गोळ्या देणारा मेडिकलवाला तुमच्यावर उपकार करत नाही. ट्रामाडॉल शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत आहे. रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव रजिस्टरमध्ये लिहून ते ३ वर्षं ठेवावं लागतं. एप्रिल २०१८ पासून हे औषध एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही आलं आहे. उपचाराला जाणं हा मात्र गुन्हा नाही. तुम्ही डॉक्टरांना सांगितलेली माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नं तुम्हाला दिला आहे.

प्रश्न : इचलकरंजीत यंत्रमागावर बारा तासांची पाळी असते. रोज एक पाकीट, म्हणजे वीस सिगारेटी. उठल्या उठल्या चहाबरोबर पहिली. निकोटिनचा च्युइंगम आणून पाहिला. उचक्या लागल्या, छातीत जळजळ, मळमळ. दोन दिवसांत सोडून दिला. आता एक जण म्हणतो, सिगारेट सोडायची गोळी मिळते. ती घेऊ का? कंबरेसाठी मीही ट्रामाडॉल घेतो.

उत्तर : पहिल्यांदा गोळीचं, कारण त्यात धोका आहे. सिगारेट सोडण्यासाठी वापरलं जाणारं ब्युप्रोपिऑन फिट येण्याची शक्यता वाढवतं. ट्रामाडॉलही वाढवतं. शिवाय ब्युप्रोपिऑनमुळे यकृतात ट्रामाडॉलचं रूपांतर अडतं. दुखणं नीट कमी होत नाही, म्हणून माणूस जादा गोळ्या घेतो, आणि फिटची शक्यता आणखी वाढते. ही जोडी तुमच्यासाठी नाही. सिगारेटसाठी गेलात तरी ट्रामाडॉलचं नाव डॉक्टरांना आठवणीनं सांगा. व्हरेनिक्लिन हे दुसरं औषध आहे, त्याची ट्रामाडॉलशी अशी गाठ नाही. ते ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करतात: तीन दिवस ०.५ मि.ग्रॅ. एकदा, मग चार दिवस ०.५ दोनदा, मग १ मि.ग्रॅ. दोनदा, एकूण बारा आठवडे. भरल्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायचं, नाहीतर मळमळतं. चित्रविचित्र स्वप्नं पडतात. मूत्रपिंडाचा आजार असला तर डोस कमी लागतो. चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाही हे.

आता च्युइंगम. तुमचा गम वाईट नव्हता, चघळायची रीत चुकली. साध्या च्युइंगमसारखा सारखा चावला की निकोटिन एकदम सुटतं आणि थुंकीबरोबर पोटात जातं. तुमची उचकी, जळजळ, मळमळ त्याचीच. निकोटिन शोषलं जायला हवं ते गालाच्या आतल्या कातडीतून. गम सावकाश आठ-दहा वेळा चावा. तोंडात मिरी चावल्यासारखी चव किंवा चुणचुण आली की थांबा आणि तो गाल व हिरडीच्या मधे दाबून ठेवा. मिनिटभरात चुणचुण गेली की पुन्हा सावकाश चावा, पुन्हा ठेवा, या वेळी दुसऱ्या गालात. असा एक गम अर्धा तास चालतो. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेतो चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक काही नाही. आंबट किंवा तसल्या पेयानं तोंडातलं निकोटिन शोषलंच जात नाही. तुमची पहिली सिगारेट चहाबरोबरची, म्हणजे गमही बहुधा चहाबरोबरच घेतला असणार. आधी चहा, चूळ भरून पंधरा मिनिटांनी गम, असा क्रम लावा.

उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागणाऱ्याला ४ मि.ग्रॅ.चा गम लागतो, इतरांना २ चा पुरतो. तुम्ही पहिल्या गटात. ४ च्या गमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी. दिवसाला २४ च्या वर नाही. लोकांची मोठी चूक ही की तलफ अनावर झाली की गम घेतात. गमला काम करायला वेळ लागतो, तोवर टपरी गाठलेली असते. घड्याळ लावून घ्या. वीस सिगारेटी ओढणाऱ्याला दिवसाला दोन-तीन गम देऊन काही होत नाही, कमी पडलं की माणूस म्हणतो, गमनं फरक पडत नाही.

मागावर हात गुंतलेले असताना गमचं वेळापत्रक सांभाळणं कठीण जात असेल तर निकोटिनची पट्टी सोयीची. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी असतील तर २१ मि.ग्रॅ.ची सहा आठवडे, १४ ची दोन, ७ ची दोन. रोज सकाळी अंग कोरडं पुसून दंडावर किंवा छातीवर, केस नसलेल्या जागी, आणि रोज जागा बदलून. खालच्या कातडीला खाज-लाली थोडी येतेच. झोप मोडत असेल तर रात्री काढून ठेवा. पट्टी आणि वर तलफेसाठी २ मि.ग्रॅ.चा गम, ही जोडी एकट्या पट्टीपेक्षा चांगली चालते. नुकताच हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तारीख पगाराच्या दिवशी किंवा जत्रेच्या आठवड्यात धरू नका. आदल्या रात्री घरातली पाकिटं, लायटर, अ‍ॅशट्रे बाहेर. सुट्टी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, तरी टपरीवर मिळते. तुमची वाट त्या टपरीवरून जात असेल तर महिनाभर गल्ली बदला. तलफ उठते ती चार-पाच मिनिटांत आपोआप खाली येते. तेवढा वेळ मागापासून बाजूला होऊन पाणी प्या, लवंग तोंडात टाका, चार पावलं चाला. तांबडा-पांढरा रस्सा रिचवल्यावरची सिगारेट सगळ्यात हट्टी असते. जेवण झालं की ताटावरून लगेच उठा, हात धुऊन दात घासून टाका. पहिले तीन दिवस चिडचिड आणि डोकं जड, दोन ते चार आठवड्यांत ते ओसरतं. खोकला काही दिवस वाढतो, पोट साफ होत नाही, तोंड येतं. वजन वर्षभरात चार-पाच किलो वाढू शकतं. हे आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही.

आणि सिगारेट सोडून मावा किंवा तंबाखू-चुना धरू नका. निकोटिन तेच राहतं आणि तोंडाच्या कॅन्सरची वाट मोकळी होते. मराठीत समुपदेशन हवं असेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे, तोच सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो.

प्रश्न : कागल तालुक्यातून लिहिते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर यांना टॅपेंटाडॉल ५० ची गोळी दिली होती. आता दिवसाला आठ-दहा घेतात, रात्री अल्प्राझोलाम वेगळी. पैसे कुठं जातात, विचारलं की अंगावर येतात. एकदा रागानं सगळ्या पट्ट्या मोरीत टाकल्या, तर दोन दिवसांनी दातखीळ बसून अंग वाकडं झालं. नणंदेनं चहातून द्यायची एक पावडर सुचवली आहे. दीर म्हणतात, केंद्रात टाकू, ते येऊन उचलून नेतात. काय करू?

उत्तर : ताई, पावडर देऊ नका. न सांगता दिलेल्या पुडीत काय आहे, हे विकणाराही सांगत नाही. दारू सोडवण्याच्या नावाखाली डायसल्फिराम चोरून दिलं जातं. ते पोटात असताना माणूस दारू प्यायला तर बीपी कोसळून जिवावर बेततं. शिवाय ते गोळ्यांच्या सवयीवर कामच करत नाही.

पट्ट्या फेकल्यावर जे झालं, ती फिट असावी. अल्प्राझोलाम अचानक बंद झाली की फिट येऊ शकते. म्हणून पुन्हा गोळ्या फेकू नका, लपवू नका. ते तयार असतील तर रोजच्या रोज ठरलेल्या तेवढ्या तुमच्या हातानं द्या. टॅपेंटाडॉल हेही अफूच्या गटातलं औषध. ते इतक्या मात्रेत आणि सोबत अल्प्राझोलाम, हे घरी कमी करायचं प्रकरण नाही. भरती करूनच सुरुवात करावी लागेल. डॉक्टर दोन्ही औषधं एकदम उतरवत नाहीत. एक स्थिर ठेवतात आणि दुसरं हळूहळू काढतात. भरतीला जाताना आतापर्यंतची सगळी चिठ्ठी-पट्टी पिशवीत घालून न्या आणि फिट आल्याचं पहिल्यांदा सांगा.

‘उचलून नेणाऱ्या’ केंद्राबद्दल सावध राहा. मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. ती क्रमांकासह दाखवा म्हणा. रुग्णाच्या इच्छेविरुद्ध भरती करायची तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि ही भरती आधी जास्तीत जास्त ३० दिवसांची असते. साखळी घालायला कायद्यानं बंदी आहे. रात्री डॉक्टर कोण असतो, फिट आली तर काय करता, घरच्यांना भेटू देता का, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथून परत या.

घरात एक गोष्ट माहीत असू द्या. ते हाक मारून, खांदा हलवून जागे होत नसतील, श्वास फार सावकाश किंवा घरघरता असेल, ओठ-नखं निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसत असतील तर १०८ ला फोन करा. कुशीवर वळवा, तोंड मोकळं ठेवा. पाणी, लिंबू, मीठ काही पाजू नका, चालवत ठेवू नका. यावरचं इंजेक्शन रुग्णालयात असतं आणि ते काही मिनिटांत काम करतं, म्हणून तिथं पोचणं महत्त्वाचं. ते घेत असलेल्या गोळ्यांची नावं लिहून जवळ ठेवा.

बोलायचं ते सकाळी, ते शुद्धीत आणि निवांत असताना. पैशांवरून सुरुवात करू नका. ‘त्या दिवशी तुम्हाला फिट आली तेव्हा मी घाबरले, आपण दोघं डॉक्टरकडे जाऊ’ एवढंच म्हणा. एका फटक्यात ऐकणार नाहीत, पुन्हा म्हणा. तुम्हाला स्वतःलाही कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेलि-मानसचा आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी मोफत क्रमांक आहे. अंगावर हात टाकला तर ते सहन करणं हा उपचाराचा भाग नाही. माहेरी किंवा शेजारी जा, पोलिसांना ११२ वर कळवा.

प्रश्न : राजारामपुरीतली शिक्षिका आहे. पाच-सहा वर्षांपासून डोकेदुखीची साधी गोळी जवळपास रोज घेते. घेतली नाही तर दुपारपर्यंत डोकं फुटतं. याही गोळीचं व्यसन लागतं का?

उत्तर : तुमचं डोकं आता गोळीमुळे दुखत असण्याची बरीच शक्यता आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, कॅफीन मिसळलेली किंवा ट्रामाडॉल-कोडीन असलेली १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळ्याच डोकेदुखी टिकवून धरतात. पट्टीवरचे घटक वाचा, डोकेदुखीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर कॅफीन असतं. साधी गोळी एकदम थांबवता येते. अफूच्या गटातलं काही असेल तर पायऱ्यांनीच. थांबवल्यावर दोन ते दहा दिवस डोकं आणखी दुखेल, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीचा पहिला आठवडा धरा. पूर्ण फरक दिसायला दोन महिने लागू शकतात. मूळ अर्धशिशी असेल तर डॉक्टर रोज घ्यायचं प्रतिबंधक औषध सुरू करतात. तारीख, दुखणं, गोळी एवढ्या तीन रकान्यांची वही ठेवा आणि तपासायला जाताना न्या.

प्रश्न : गंगावेशीत राहतो, वय ६६. दम्यासाठी डेरिफायलिन घेतो. सिगारेट सोडून दहा दिवस झाले आणि हात थरथरतात, छाती धडधडते, झोप नाही. पुन्हा ओढावी का?

उत्तर : अजिबात नको. धुरातल्या डांबरामुळे यकृत काही औषधं झपाट्यानं निकामी करतं. धूर थांबला की आठवडाभरात तो वेग उतरतो आणि तुमचं डेरिफायलिन, म्हणजे थिओफिलिन गटाचं औषध, त्याच डोसात रक्तात जास्त साठतं. तुमची लक्षणं त्याची असू शकतात. आजच छातीच्या डॉक्टरांना भेटा. डोस बहुधा पाव ते तृतीयांशानं कमी करावा लागेल, पण तो त्यांनीच ठरवायचा. उलट्या किंवा ठोके अनियमित झाले तर थांबू नका, रुग्णालयात जा. चहाचंही तसंच आहे. तेवढाच चहा घेतला तरी रक्तातलं कॅफीन दुपटीच्या आसपास जातं. कप निम्मे करा आणि दुपारी चारनंतर चहा नको. क्लोझापिन, ओलॅन्झापिन ही मानसिक आजारांवरची औषधं घेणाऱ्यांनीही सिगारेट सोडण्याआधी डॉक्टरांना कळवावं.

प्रश्न : ट्रामाडॉल सुटून वर्ष झालं, सिगारेटही. पुढच्या महिन्यात हर्नियाचं ऑपरेशन आहे. तिथं पुन्हा तसली गोळी दिली तर?

उत्तर : सर्जनला आणि भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, लपवू नका. ऑपरेशननंतरचं दुखणं सोसत पडून राहा, असं कुणी म्हणणार नाही. जागा बधिर करणारं इंजेक्शन, पॅरासिटामॉल, मूत्रपिंड आणि जठर ठीक असेल तर दाह कमी करणारी गोळी, यांवर बरंच भागतं. तरीही अफूच्या गटातलं औषध लागलंच तर तीन ते पाच दिवसांची मोजकी चिठ्ठी मागा, वेळ ठरवून घ्या, पट्टी घरच्यांच्या हातात द्या. जुन्या डोसावर उडी मारू नका. वर्षभरात शरीराची सवय गेलेली आहे, तेव्हा पचणाऱ्या सहा गोळ्या आता श्वास अडवू शकतात. त्या दिवसांत दारू आणि झोपेची गोळी पूर्ण वर्ज्य. सिगारेट सुटलेली आहे, याचा फायदा जखमेलाच मिळतो, ती लवकर भरते आणि खोकल्यानं टाक्यांवर ताण येत नाही. घरी उरलेल्या गोळ्या ‘लागतील कधी’ म्हणून कपाटात ठेवू नका. पट्टीतून काढून ओल्या चहापत्तीत कालवा, पिशवीची गाठ मारून कचऱ्यात टाका, आणि रिकाम्या पट्टीवरचं नाव खोडून टाका.